सॅड, विशेषण

रॉसेंडेलच्या खोऱ्यात, अठराशे ब्याण्णवच्या मार्चात
अँब्रोज पिलिंग मास्तर सायकलवरून शब्द गोळा करत हिंडायचे.
डाव्या खिशात कोरी कार्डं,
उजव्यात दोन पेन्सिली आणि एक कांदा.
कांदा कशाला, हे कुणी विचारलं नाही.

थर्झा एंटविसलच्या दाराशी थांबले
ते दम लागला म्हणून.
पुढच्या खोलीचे पडदे भरदिवसा ओढलेले होते,
ते त्यांनी पाहिलं, पण वाचलं नाही.

स्वयंपाकघरात टेबलावर पाव. वीटच म्हणावी.
"सॅड झालाय," ती म्हणाली,
सुरीच्या मुठीनं त्याच्यावर टकटक करत.
मास्तरांनी पेन्सिल काढली.
"म्हणजे दुःखी?"
"पाव कसा दुःखी होईल, मास्तर?
बसलाय. फुगलाच नाही."
मग शेगडीवरची इस्त्री उचलून दाखवली,
सबंध लोखंडाची, आत निखाऱ्यापुरतीही पोकळी नाही:
"हीसुद्धा सॅड."
आणि खुंटीवरच्या शालीचा रंग?
"आई त्यालाही सॅडच म्हणायची.
विटका नव्हे हं. गडद.
चॅपलला चालेलसा."

मास्तरांना पुस्तकातलं ठाऊक होतं ते असं,
की हजार वर्षांपूर्वी हा शब्द पंगतीत बसायचा.
पोटभर जेवलेला, तो सॅड.
आणखी वाढू का म्हटल्यावर
ताटावर आडवा हात धरणारा.
भरलेला माणूस सुस्तावतो, सुस्तावलेला हलत नाही,
न हलणाऱ्याला लोक भक्कम म्हणू लागतात.
मग भिंत सॅड, न्यायाधीश सॅड,
दिल्या वचनाला जागणारी बायको सॅड,
आणि ही सगळी स्तुती होती!
पुढे कुठल्याशा शतकात, कुणाला न सांगता,
ते ओझं पोटातून वीतभर वर सरकलं
आणि छातीत येऊन बसलं.

मला याचं नवल वाटत नाही.
माझ्या भाषेत पोट भरतं तसा ऊरही भरून येतो,
एकाच क्रियापदावर आम्ही जेवतो आणि रडतो.
तरी इथल्या ग्रंथालयाच्या पायरीवर
शाळेतली एक पोरगी दुसरीच्या बुटांकडे बघून
"सो सॅड!" म्हणाली, तेव्हा मी थबकलो.
त्यात ना भूक, ना वजन.
बूट मात्र खरंच वाईट होते.

"यीस्ट शिळं होतं का?" मास्तरांनी विचारलं.
"ताजं होतं. काल पीठ मळून झाकून ठेवलं,
तेवढ्यात खाणीवरची माणसं आली.
बसा म्हटलं तर बसेनात.
दार तसंच उघडं राहिलं,
वारा लागला पिठाला."

तेव्हा कुठे त्यांना दिसलं
ती कशावरून इस्त्री फिरवत होती:
पुरुषाचा पांढरा शर्ट, बाह्या लांब,
कॉलरीवर ती पुन्हा पुन्हा येत होती.

टोपी हातात घेऊन ते उठले.
"बसा," ती म्हणाली. "पीठ वाया घालवायचं नाही मला."
पाव कापताना तिला दोन्ही हात लागले.
वर चरबी फासली, मीठ भुरभुरवलं,
आणि समोर उभी राहिली,
ते खातात की नाही ते बघत.

ते कार्ड मला ग्रंथालयाच्या एका पेटीत मिळालं.
अक्षर मास्तरी, वळणदार:
'सॅड, वि. (पावाविषयी) न फुगलेला, घट्ट.
सांगणार: श्रीमती थ. एंटविसल.'
इतर अर्थांसाठी खाली चार ओळी आखलेल्या,
कोऱ्याच.

कार्ड उलटं केलं.
मागे, पेन्सिल न दाबता लिहिलेलं:
'चार तुकडे खाल्ले.
पाचवा तिनं कागदात बांधून दिला.'